पॅरिसची पेर लाशेझ दफनभूमी : तीन तासांत कशी पाहावी?

अनघा_ठाणे
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पॅरिसला चार दिवस आहोत, त्यातली एक सकाळ पेर लाशेझसाठी ठेवली आहे. सोबत सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, पण सपाट रस्त्यावर तासभर चालतात आणि मध्ये बसायला मिळालं तर आणखीही. पाहायचं आहे ते असं : जेआरडी टाटांची कबर, अवधच्या राणीची कबर, संगीतकार शोपँ, नाटककार मोलिएर, लेखक ऑस्कर वाइल्ड. आत कुठून शिरावं, कबरी शोधायच्या कशा, तीन तासांत होईल का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पायवाट
अनघाताई, सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा : वरून शिरायचं आणि खाली उतरत यायचं. ही दफनभूमी टेकडीच्या उतारावर आहे. बहुतेक लोक 'पेर लाशेझ' नावाच्या मेट्रो स्टेशनवर उतरतात, कारण नाव तेच आहे. तिथून आमांदिए दार जवळ पडतं, पण पुढे सगळा चढच चढ. मुख्य दार मेनिलमाँताँ रस्त्यावर आहे आणि त्याला जवळचं स्टेशन फिलिप ऑगस्त. तिथून शिरलात तरी चढ चुकत नाही. तुम्ही तिसऱ्या लाइनने गॅम्बेटा स्टेशनला उतरा. पाचेक मिनिटं चाललं की वरचं दार येतं. शेवटी मुख्य दाराने बाहेर पडून फिलिप ऑगस्तला मेट्रो घ्या.

आकाराचा अंदाज यावा म्हणून : एकूण ४४ हेक्टर, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कच्या जवळजवळ चौपट. ९७ विभाग आणि सुमारे ७०,००० कबरी. 'सगळं पाहू' हा विचार सोडून द्या. तीन तासांत आठ-दहा ठिकाणं नीट पाहून होतात, त्याहून जास्त धरलीत तर फक्त धावपळ होईल.

तुमच्या यादीसाठी क्रम असा ठेवा. गॅम्बेटा दारातून आत आल्यावर समोर घुमटाची इमारत दिसते, ती दहनगृहाची, विभाग ८७. तिथून डावीकडे विभाग ८९, वाइल्ड. परत फिरून विभाग ८५, तिथे जुनी मुस्लिम दफनभूमी आणि कादंबरीकार मार्सेल प्रूस्तची काळ्या दगडाची साधी, आडवी कबर. मग हळूहळू उतरत विभाग ४४ वरून पुढे ४८ मध्ये कादंबरीकार बाल्झाक, २५ मध्ये मोलिएर आणि ला फोंतेन शेजारी शेजारी, ११ मध्ये शोपँ, आणि शेवटी विभाग ४ मधून मुख्य रस्त्याने बाहेर.

वरचा भाग नंतर जोडलेला आहे, तिथले रस्ते सरळ आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे. खालचा भाग १८०४ सालचा, सगळा वळणावळणाचा. वर कोणी हरवत नाही. लोक हरवतात ते विभाग १ ते ३० मध्ये.

सीन_किनारी
पायवाट यांच्याशी सहमत. पण गुडघ्यांचा त्रास असेल तर मेट्रोऐवजी ६९ नंबरची बस बघा. शाँ-द-मार्सपासून, म्हणजे आयफेल टॉवरच्या बाजूने, निघून ती गॅम्बेटापर्यंत जाते. पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्टेशनांना बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही, आणि लाइन बदलताना जिने चढ-उतार करावे लागतात. बसला वेळ जास्त लागतो, पण पायाची ताकद आतल्या चालण्यासाठी शिल्लक राहते.

वेळा : सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ पासून, शनिवारी ८.३० पासून, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी ९ पासून. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर संध्याकाळी ६ ला बंद, हिवाळ्यात ५.३० ला. बंद व्हायच्या पाव तास आधीच आत सोडणं थांबतं. तिकीट नाही. दाराशी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

तुमच्या तारखेबद्दल दोन गोष्टी. १ नोव्हेंबर हा तुसां, म्हणजे सर्व संतांचा दिवस. आपल्याकडे पितृपक्षात जसं पितरांचं स्मरण होतं, तसे त्या सुमारास फ्रेंच कुटुंबं कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवायला येतात. त्या आठवड्यात गर्दी वाढत जाते, पण दफनभूमी एरवीपेक्षा सुंदरही दिसते. शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी ८ वाजता जा. दुसरं म्हणजे वारा. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर नगरपालिका दफनभूम्या बंद ठेवते, कारण जुनी झाडं आणि सैल दगड कोसळतात. आदल्या रात्री पॅरिस नगरपालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि एक दिवस राखीव ठेवा.

दगडधोंडा
कबर शोधण्याबद्दल मी लिहितो, कारण बहुतेकांचा वेळ तिथेच जातो.

नकाशावर 'विभाग ११' दिसतो, म्हणून लोक त्या विभागात जातात आणि अर्धा तास फिरत राहतात. एकेका विभागात शेकडो कबरी आहेत आणि आत रस्ता नाही, नुसत्या कबरींमधल्या फटी. मोबाइलच्या नकाशावरची खूण कित्येकदा विभागाच्या मध्यावर लावलेली असते, कबरीवर नाही. दाट झाडीखाली जीपीएस दहा-पंधरा मीटर इकडे-तिकडे सरकतं. दहा मीटरांत इथे चार रांगा बसतात.

म्हणून पत्ता तीन भागांत मिळवा : विभाग, रांग, आणि कुठल्या रस्त्याच्या बाजूने मोजायचं. 'पहिली रांग' म्हणजे रस्त्याला लागून. प्रसिद्ध कबरींपैकी बऱ्याच पहिल्या-दुसऱ्या रांगेत आहेत. चौथ्या-पाचव्या रांगेतली हवी असेल तर आधी रस्त्यावरची जवळची ठळक कबर हेरून ठेवा आणि तिच्या मागे जा. विभागांचे आकडे चौकाचौकातल्या पाट्यांवर असतात. आकडा दिसला नाही तर पुढचा कोपरा गाठा, अंदाजाने आत शिरू नका.

नकाशा कार्यालयात फुकट मिळतो. अडचण एवढीच की कार्यालय खाली मुख्य दाराच्या बाजूला आहे आणि तुम्ही वरून येणार. तेव्हा नकाशा आधीच नगरपालिकेच्या संकेतस्थळावरून उतरवून कागदावर छापून घ्या. आत दारांपाशी मोठे फलक आहेत, त्यांचा फोटो काढून ठेवा.

दगड वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. छोट्या देवळासारख्या दिसणाऱ्या खोल्यांवर 'फामिय' (कुटुंब) आणि एक आडनाव असतं. ते जागा ज्याने विकत घेतली त्याचं आडनाव, आत वेगळ्याच आडनावाची माणसं असू शकतात. विवाहित बाईचं नाव नवऱ्याच्या आडनावाने असतं आणि पुढे 'ने' लिहून माहेरचं आडनाव. तिसरी गोष्ट, पायथ्याशी किंवा बाजूला बारीक अक्षरात जागेच्या हक्काची नोंद कोरलेली असते. 'आ पेरपेत्युइते' म्हणजे कायमची. आज १०, ३० किंवा ५० वर्षांसाठीही जागा मिळते, आणि मुदत संपून नूतनीकरण झालं नाही तर ती परत घेतली जाते. 'कायमची' जागासुद्धा ओस पडलेली असेल तर सूचना लावून, मुदत देऊन ताब्यात घेता येते. अस्थी मग सामायिक अस्थिगृहात जातात. त्यामुळे एखाद्या थडग्यावर नगरपालिकेचा कागद दिसला तर ते लवकरच नाहीसं होण्याची शक्यता आहे. कोणाच्या पूर्वजाचं असेल तर फोटो काढून ठेवा.

चंद्रभागा
जेआरडींबद्दल. त्यांचा जन्मही पॅरिसचा, १९०४ चा. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात निधन झालं आणि पेर लाशेझमध्ये कुटुंबाच्या जागेत दफन झालं. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई फ्रेंच, सुझान ब्रिएर. कार्यालयात विचारताना 'जेआरडी' म्हणू नका, त्यांना ते कळत नाही. कागदावर मोठ्या रोमन अक्षरांत टाटा हे आडनाव, पूर्ण नाव आणि मृत्यूचं साल लिहून द्या. विभाग आणि रांग तेच सांगतील. फुकट नकाशावरच्या प्रसिद्ध नावांच्या यादीच्या भरवशावर राहू नका.

इथे एक घोळ नेहमी होतो. जमशेटजी टाटा पेर लाशेझमध्ये नाहीत. ते १९०४ मध्ये जर्मनीत बाड नाउहाइमला वारले आणि इंग्लंडमधल्या ब्रुकवुड दफनभूमीत, पारशी विभागात आहेत. सर दोराबजी आणि सर रतन टाटाही तिथेच. पॅरिसला येऊन जमशेटजींची समाधी शोधणारे निराश होतात, ती लंडनपासून ट्रेनने जाण्यासारखी आहे.

आता अवधची राणी. मलिका किश्वर, वाजिद अली शाह यांची आई. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केल्यावर, पडद्यात वाढलेली ही बाई मुलाच्या गादीसाठी दाद मागायला समुद्र ओलांडून थेट लंडनला गेली. १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरियाची भेटही झाली, पण तोवर इकडे उठाव पेटला होता आणि तिच्या अर्जाला काही अर्थ उरला नाही. परतीच्या वाटेवर जानेवारी १८५८ मध्ये पॅरिसमध्ये ती वारली. पेर लाशेझमधला मुस्लिम भाग त्याच्या जेमतेम आधी, १८५७ मध्ये उघडला होता. पुढच्याच महिन्यात तिचा धाकटा मुलगा सिकंदर हश्मत लंडनमध्ये वारला, त्यालाही इथेच आणलं.

विभाग ८५ मध्ये गेल्यावर घुमट, मिनार, जाळी असं काही शोधू नका. आहे तो दगडी चौथरा, झिजलेला, वर नाव वाचता येत नाही. आजूबाजूला नंतरची थडगी आहेत. भिंत तर नाहीच, कारण १८८१ च्या कायद्याने फ्रान्समधल्या दफनभूम्यांतले धर्मवार भाग बंद झाले, आणि विभाग ७ मधल्या ज्यू भागाचं कुंपणही तेव्हाच गेलं. शेजारून रोज कितीतरी लोक प्रूस्तकडे जातात, इथे कोणी थांबत नाही. तुम्ही थांबा. कलकत्त्याहून जहाजात बसलेल्या आणि परत न आलेल्या बाईचं एवढंच उरलं आहे.

निळावंती
वाइल्डच्या कबरीला काच लावली आहे असं ऐकलं. जवळून दिसतं का? आणि लोक चुंबनं घेतात ते खरं का?

दगडधोंडा
दिसतं, काच माणसाच्या उंचीपर्यंतच आहे, वरचं शिल्प मोकळं आहे. जेकब एपस्टाइनचं पंखवालं शिल्प, एकसंध मोठ्या दगडातलं. वाइल्ड १९०० मध्ये वारला तेव्हा आधी पॅरिसबाहेरच्या बान्यू दफनभूमीत पुरला होता, १९०९ मध्ये इथे आणला.

काच २०११ मध्ये लागली. कारण समजून घ्या, म्हणजे इतरत्रही हात लावावासा वाटणार नाही. तो दगड चुनखडीचा आहे, बारीक छिद्रांचा. लिपस्टिकमधली चरबी आणि मेण त्या छिद्रांत मुरतं. वरचा रंग पुसला तरी तेल आतच राहतं. ते काढायला दगड घासावा लागतो, प्रत्येक घासण्यात वरचा थर जातो, पृष्ठभाग आणखी खडबडीत होतो आणि पुढचा डाग आणखी खोल जातो. चुंबनांनी जेवढं नुकसान झालं त्याहून जास्त ती पुसताना झालं.

धातूचं उलट असतं. विभाग ९२ मध्ये व्हिक्तोर न्वार या पत्रकाराचा ब्राँझचा पुतळा आडवा पडलेला आहे, दालू या शिल्पकाराने केलेला. १८७० मध्ये प्रिन्स पिएर बोनापार्तने त्याला गोळी घातली. लोक जिथे जिथे हात फिरवतात तिथे ब्राँझ सोन्यासारखं चमकतं, बाकी सगळा हिरवा-काळा. तो हिरवा थर म्हणजे घाण नव्हे, आतल्या धातूचं संरक्षण आहे.

झिजलेली अक्षरं वाचायची असतील तर दगडावर पाणी टाकू नका, खडू-पेन्सिल घासू नका. पाणी भेगेत शिरतं आणि थंडीत गोठून फुगतं. मोबाइलची बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून, अगदी तिरकी धरा. उजेड बाजूने आला की कोरीव अक्षराच्या एका कडेला सावली पडते आणि समोरून काही न दिसणारी ओळ वाचता येते. सकाळचं किंवा उतरतीचं ऊनही हेच काम करतं. दुपारी बाराला मात्र सगळं सपाट दिसतं.

आणि कुठल्याही छोट्या देवळाच्या लोखंडी दाराला टेकू नका. जुने दगड जोडायला आत लोखंडी कड्या घातलेल्या असतात. त्या गंजल्या की फुगतात आणि दगड आतून फोडतात. बाहेरून भिंत शाबूत दिसते, पण ती कशाच्या आधारावर उभी आहे हे सांगता येत नाही.

रानजाई
पायाखालच्या वाटेबद्दल कोणी लिहिलं नाही. जुन्या भागात फरसबंदी मोठ्या, वरून गोल झालेल्या दगडांची आहे, दोन दगडांत खाच. ऑक्टोबरअखेर त्यावर चेस्टनट आणि मेपलची ओली पानं पडलेली असतात. गुळगुळीत तळव्याचा बूट सरळ घसरतो. सासूबाईंना घोट्याला आधार देणारा, रबरी खाचांच्या तळव्याचा बूट आणि टोकाला रबर असलेली काठी द्या. रस्त्याच्या मधोमध न चालता कडेने चालायला सांगा, कडेचे दगड कमी उंचसखल असतात. चाकाची खुर्ची वरच्या सरळ भागात जमेल, खालच्या भागात ढकलणाऱ्याचे हाल होतात.

दोन कबरींमध्ये गवत आणि रानफुलं दिसली तर हेळसांड समजू नका. तिथे रासायनिक तणनाशकं बंद केली आहेत आणि गवत मुद्दाम राहू दिलं जातं. २०२० च्या टाळेबंदीत तिथे कोल्ह्याची पिल्लं सापडली, भर पॅरिसमध्ये.

खायचं आत नेऊ नका, बसून डबा उघडणं चालत नाही. पाण्याची बाटली न्या. स्वच्छतागृह गॅम्बेटा दाराशी आणि मुख्य दाराशी, मध्ये भरवसा नाही, तेव्हा आत शिरतानाच जाऊन घ्या.

चंद्रभागा
पायवाट, तुमच्या क्रमात एक जागा सुटली आहे आणि ती सुटू नये असं मला मनापासून वाटतं : विभाग ७६ मधली कम्युनवाद्यांची भिंत. २८ मे १८७१ ला पॅरिस कम्यूनचे, म्हणजे त्या वर्षीच्या शहरातल्या बंडखोर सरकारचे, १४७ लढवय्ये तिथे उभे करून गोळ्या घातले आणि पायथ्याशीच खड्ड्यात टाकले. समोर विभाग ९७ मध्ये नाझी छावण्यांत मेलेल्यांची स्मारकं ओळीने आहेत. माउटहाउझेनच्या स्मारकात दगड पाठीवर घेऊन खाणीच्या पायऱ्या चढणारा माणूस आहे. तिथल्या खाणीला १८६ पायऱ्या होत्या आणि कैद्यांना त्या दगड घेऊन चढाव्या लागत. गायिका एदित पियाफही त्याच विभागात.

पायवाट
महत्त्व मान्य, पण ती जागा आग्नेय कोपऱ्यात आहे. वाइल्डपासून तिकडे जाऊन परत विभाग ८५ ला यायचं म्हणजे किमान पाऊण तास वाढतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो पाऊण तास शोपँच्या उतारावर हवा असतो.

चंद्रभागा
मग एक करा अनघाताई. वाइल्ड झाल्यावर सासूबाईंना दहनगृहाजवळच्या बाकावर बसवा आणि सोबत घरचं दुसरं कोणी असेल तर तुम्ही एकट्या भिंतीकडे जाऊन या. त्यांनाही तिथे पाहण्यासारखं आहे. भोवतालच्या कमानींत अस्थिकलशांचे कप्पे आहेत, दुमजली. कप्पा ६७९६ नर्तकी इझाडोरा डंकनचा. १६२५८ वर ऑपेरा गायिका मारिया कालासचं नाव आहे, पण अस्थी एजियन समुद्रात विसर्जित केल्या आहेत.

निळावंती
मोलिएरच्या थडग्यात खरंच मोलिएर आहे का?

चंद्रभागा
खात्री कोणालाच देता येत नाही. फ्रेंच क्रांतीच्या काळात उकरलेल्या अस्थी कोणाच्या याची शहानिशा तेव्हाही झाली नाही. त्या इथे का आणल्या हे मात्र पक्कं माहीत आहे. १८०४ मध्ये दफनभूमी उघडली तेव्हा ती शहराबाहेर होती, आणि चर्चच्या आवारात पुरायची सवय असलेले लोक इथे यायला तयार नव्हते. पहिल्या वर्षी फक्त १३ दफनं झाली. मग १८१७ मध्ये मोलिएर, ला फोंतेन आणि आबेलार-एलोईज या मध्ययुगीन प्रेमी जोडीच्या अस्थी समारंभाने आणल्या. थोरामोठ्यांशेजारी जागा मिळते म्हटल्यावर माणसं आली, आणि १८३० पर्यंत कबरी ३३,००० वर गेल्या. नाव पडलं ते चौदाव्या लुईच्या जेझुइट धर्मगुरूवरून, पेर द ला शेझ. टेकडीवर जिथे आज चॅपेल आहे तिथे त्याच्या पंथाचं घर होतं.

अनघा_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. यजमान सोबत आहेत, त्यामुळे भिंतीचं जमेल. तर असं ठरवते : मंगळवारी सकाळी ६९ ने गॅम्बेटा, ८ ला आत. ८७, ८९, मी भिंतीकडे, मग ८५, ४४, २५, ११, आणि शेवटी खाली कार्यालयात टाटांची जागा विचारायची. फुलं कुठे घ्यावीत? शोपँला आणि राणीला वाहायची आहेत.

सीन_किनारी
एक दुरुस्ती. टाटांची जागा शेवटी विचारलीत आणि ती वरच्या विभागात निघाली तर पुन्हा टेकडी चढावी लागेल. कार्यालयाला आताच ईमेल करा, फ्रेंचमध्ये दोन ओळी, नाव आणि साल. उत्तर आलं की तो विभाग क्रमात बसवा. राणीसाठी जुन्या दफन-नोंदवह्या पॅरिस अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. जानेवारी १८५८ ची पानं काढा. नाव फ्रेंच कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असणार, तेव्हा तारखेवरून शोधा.

चॅपेलकडून खाली येताना समोर स्मारकाच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आहेत, त्या टाळा आणि वळणाच्या रस्त्याने उतरा. शोपँ रस्त्यावर नाही, 'शमँ दनाँ' नावाच्या अरुंद वाटेवर आहे. वर रडणारी म्यूझ, म्हणजे कलेची देवता, बसलेली, क्लेसांजे या शिल्पकाराची, आणि पायाशी जवळपास नेहमी ताजी फुलं, त्यावरून लगेच ओळखू येते. हृदय मात्र वॉर्सात आहे.

फुलांची दुकानं दोन्ही दारांबाहेर आहेत. शेवंतीची छोटी कुंडी घ्या, सुटी फुलं वाऱ्याने उडतात. प्लास्टिकचं वेष्टण तिथेच काढून टाका. राणीच्या चौथऱ्यावर कुंडी मधोमध ठेवू नका, दगड भेगाळलेला आहे आणि कुंडीखाली पाणी साचतं. पायाशी, मातीवर ठेवा.